टाकलेल्या पालकाच्या जुडीचे पैसे कोणी भरायचे?

ताई, नमस्कार.

सिंहगड रस्त्यावरच्या एका सोसायटीत राहणाऱ्या आम्ही 12 जणी, बहुतेक निवृत्त. दर महिन्याला प्रत्येकी 500 रुपये काढतो आणि कुठे ना कुठे उपयोगी पडतील असं बघतो. आमच्या मागच्या वस्तीत एक अंगणवाडी आहे. पटावर 45 मुलं, त्यातली तीन वर्षांखालची 17. कुटुंबं बरीचशी मराठवाड्यातून आलेली. पुरुष मजूर अड्ड्यावर उभे राहतात, बायका धुणीभांडी करतात. माझी मुलगी मिशिगनला असते. तिच्याकडून कळलं की तिकडे फ्लिंट नावाच्या गावात डॉक्टर मुलांना फळं-भाज्यांची चिठ्ठी लिहून देतात आणि बाजारात ती पैशांसारखी चालते. आम्हाला कल्पना फार आवडली. फेब्रुवारीपासून सेविकेच्या मदतीनं खरोखर गरजू अशी 20 मुलं निवडली आणि प्रत्येकाच्या आईला महिन्याला 300 रुपयांची भाजीची कुपनं देऊ लागलो. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी ती घेतात, महिनाअखेरीला आम्ही त्यांचा हिशेब चुकता करतो.

आता वाद सुरू झालेत. मावशींची वही पाहिली तर निम्म्याहून जास्त कुपनं बटाटे, कांदे, मिरची-कोथिंबिरीत गेलेली. एका आईला विचारलं, तर ती म्हणाली, "पोरगं पालक तोंडात धरतंय आन् थुंकतंय. जुडी गेली ती गेलीच की. बटाटा खातंय तरी." तिच्याच मुलाच्या हातात चिप्सचा पुडा होता. आमच्यातल्या काही जणी म्हणतात, बटाटे-कांदे बंद करा. काही म्हणतात, कुपनं बंद करून आपणच चांगली भाजी निवडून पिशव्या भरून देऊ. एकीचं म्हणणं, पावडरचे डबे द्यावेत. एकीनं रोख द्या म्हटल्यावर बाकीच्या तुटून पडल्या, की ते पैसे दारूत जातील. मावशी कुपनवाल्यांना महाग लावतात अशीही कुणकुण आहे. ज्यांना मिळालं नाही त्या आया नाराज आहेत. आणि सेविकेनं वजनं घेतली, तर दोन महिन्यांत फरक जवळपास नाही. हे चालू ठेवावं की सोडून द्यावं?

एक वाचक, पुणे

---

ताई, चालू ठेवा. आधी तेवढं सांगून टाकते, म्हणजे पुढचं निवांत वाचता येईल.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य त्या आईचं आहे. तुमच्या बैठकीत ते तक्रार म्हणून आलं असेल. मला त्यात तिचा चोख हिशेब दिसतो. पालकाची जुडी वीस-पंचवीस रुपयांची. कामावरून आल्यावर ती निवडायची, नळाला पाणी असेल तेव्हा धुवायची, तेल घालायचं, गॅस जाळायचा. मुलानं थुंकलं की हे सगळं गेलं, आणि मूल उपाशी झोपू नये म्हणून दुसरं काहीतरी करायचं ते वेगळंच. पाच रुपयांचा पुडा मूल नक्की खातं. काही वाया जात नाही, भांडं घासावं लागत नाही. महिन्याचे पैसे मोजून खर्च करणाऱ्या घरात पुडा हा बिनधोक सौदा आहे आणि पालक हा जुगार. ती आई अडाणी नाही, बेफिकीर तर मुळीच नाही.

समाजशास्त्राच्या संशोधक केटलिन डॅनियल यांनी अमेरिकेत बॉस्टन परिसरातल्या आई-वडिलांशी बोलून हीच गोष्ट नोंदवली आणि 2016 मध्ये प्रसिद्ध केली. लहान मुलाला नवी चव आवडायला तीच गोष्ट आठ ते पंधरा वेळा चाखायला लागू शकते, हे बालआहाराच्या अभ्यासांतून पुढे आलेलं आहे. म्हणजे तितक्या वेळा नकार पचवायची तयारी हवी. खाऊन-पिऊन सुखी घरात हा नकार कोणाच्या लक्षातही येत नाही. नातवानं वाटी सरकवली तर ती भाजी आपण खातो, किंवा फ्रिजमध्ये ठेवतो, किंवा टाकतो, आणि परवा पुन्हा करून बघतो. तंगीतल्या घरात पहिल्या-दुसऱ्या नकारालाच आई थांबते, कारण तिसरी जुडी परवडत नाही. मग मूल भाजी खायला शिकतच नाही, आणि दोष मात्र आईच्या सवयींना लागतो.

म्हणून माझ्या मते तुमच्या कुपनाचं पहिलं काम हे आहे: टाकलेल्या पालकाचे पैसे भरणं. मुलाच्या नकाराचा खर्च तुम्ही 12 जणींनी उचलायचा, म्हणजे आईला पुन्हा पुन्हा करून बघता येईल. हे एकदा मनाशी पक्कं केलंत तर तुमचे निम्मे वाद मिटतील.

बटाट्यापासून सुरू करू. हा वाद अमेरिकेतल्या सरकारनंही घातला आहे. तिथे गर्भवती आणि बाळंतीण बायका आणि पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी 'विक' नावाची योजना 1970 च्या दशकापासून आहे. दूध, अंडी, कडधान्यं वगैरे ठरावीक जिन्नस तिच्यातून मिळतात. 2009 मध्ये त्यात ताज्या फळं-भाज्यांचं कुपन आलं आणि त्यातून पांढरा बटाटा वगळला, कारण तो लोक असाही भरपूर खातात असं तज्ज्ञांचं म्हणणं होतं. काही वर्षं ओढाताण झाली आणि 2015 पासून बटाटाही चालू झाला. माझं मत विचाराल तर बंदी घालू नका. कांदा, लसूण, मिरची, कोथिंबीर, लिंबू यांच्यावाचून कोणती भाजी होते? फोडणीचे पैसे नसतील तर पालक नुसता उकडून द्यायचा का? शिवाय जे मूल पालक थुंकतं ते आलू-पालकातला बटाटा खाताना थोडा पालकही गिळतं. चव लागायची सुरुवात अशीच होते. आणि कुपनावर कांदे आणले म्हणून जे रोख पैसे वाचले, त्यांतून कदाचित अंडी आली असतील. मावशींच्या वहीत ती दिसणार नाहीत.

पालेभाज्या आणि फळं जास्त जावीत असं वाटत असेल तर त्यासाठी वरून काहीतरी द्या. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या हॅम्पडेन काउंटीत 2011-12 मध्ये असा प्रयोग झाला होता. सरकारी अन्नकार्डावर एक डॉलरची फळं-भाजी घेतली की 30 सेंट कार्डावर परत जमा. कशालाही मनाई नव्हती. तरी त्या घरांत ठरवलेल्या फळं-भाज्यांचं खाणं 26 टक्क्यांनी वाढलं. तुम्ही दहा-दहा रुपयांची तीन हिरवी कुपनं वेगळी छापा. ती फक्त पालेभाजीला आणि फळांना चालतील. बाकीची 300 रुपयांची पूर्वीसारखीच, आईच्या मर्जीवर. आणि मावशींना सांगा, हिरव्या कुपनावर दहा रुपयांत अर्धी जुडी द्या, वाटा लावून ठेवा, दोन पेरू किंवा दोन-तीन केळी सुटी द्या. अर्धी जुडी वाया गेली तर अर्धाच जीव जळतो. फ्रिज नसलेल्या घरात तेवढीच भाजी त्या दिवशी संपते, हा आणखी एक फायदा.

पिशव्या भरून देण्याच्या मी साफ विरोधात आहे, आणि तसं सुचवणाऱ्या मैत्रिणीचा हेतू चांगला आहे हे ठाऊक असूनही. पिशवीत काय असेल? तुम्हाला चांगलं वाटेल ते. दुधी असेल, फ्लॉवर असेल, कदाचित ब्रोकोली. मराठवाड्यातून आलेल्या बाईला तांदुळजा, घोळ, करडईची कोवळी भाजी, अंबाडी, चुका यांची पारख तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त आहे. अंबाडीची भाजी ज्वारीच्या कण्या घालून ती लहानपणापासून खात आली आहे. शहरात तिला ती दिसत नाही, किंवा दिसली तर महाग पडते. मावशींना विचारा, आठवड्यातून दोनदा असं काही आणाल का, आम्ही खपवून देऊ. आणि आयांनाही विचारा, काय आणलं तर घ्याल. हे दोन महिन्यांत विचारलं गेलेलं दिसत नाही, आता विचारा. आपल्या घरात पूर्वापार होणारी भाजी आई स्वतः चवीनं खाते, आणि आईला खाताना बघूनच मूल हात पुढे करतं.

पावडरचे डबे नकोत. एका डब्याच्या पैशांत महिनाभराची अंडी किंवा दोन-तीन किलो शेंगदाणे येतात, आणि अशा बऱ्याच डब्यांत साखरच भरपूर असते. मूल दूध-पावडरीनं पोट भरून घेतं आणि जेवणाला नाही म्हणतं, मग भाजीचा प्रश्न आणखी लांबतो.

आता रोख. ज्या ताईंनी रोख सुचवली त्यांच्यावर तुटून पडायचं काही कारण नव्हतं. गरिबांना रोख दिली की ती दारू-तंबाखूत जाते, या समजुतीची तपासणी जागतिक बँकेच्या डेव्हिड इव्हान्स आणि अॅना पोपोवा यांनी केली. अनेक देशांतल्या अभ्यासांचा त्यांनी एकत्र आढावा घेतला, आणि रोख मदतीमुळे अशा गोष्टींवरचा खर्च वाढतो असं काही निघालं नाही. वस्तीतल्या माणसांबद्दल बोलताना ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. तरीही तुमच्या कामासाठी मी कुपनाच्याच बाजूची आहे, पण कारण वेगळं. घरात आलेल्या रोख पैशांवर शंभर हक्क असतात: खोलीचं भाडं, बचत गटाचा हप्ता, गावाकडे सासऱ्यांचं औषध. यातलं काहीच चुकीचं नाही, पण पालकाची तिसरी जुडी या रांगेत कायम शेवटी उभी राहते. कुपन असलं की आईला म्हणता येतं, हे भाजीशिवाय कशाला चालतच नाही. घरात ती हे कोणाशीही न भांडता म्हणू शकते, आणि कुपनाची खरी किंमत मला त्यात वाटते.

भाजीवाल्या मावशींकडे तुम्ही फार कमी लक्ष दिलंय, आणि योजना टिकणार की मोडणार हे त्यांच्यावर आहे. त्या पहाटे मार्केट यार्डातून रोखीनं माल उचलतात. पुष्कळदा त्यासाठी दिवसाच्या व्याजानं पैसे घेतलेले असतात. तुम्ही त्यांना महिनाअखेरीला पैसे देता, म्हणजे 6,000 रुपयांपर्यंतची उधारी तुम्ही त्यांच्या डोक्यावर ठेवली आहे. त्या कुपनवालीला पाच रुपये जास्त लावत असतील तर त्यामागचं व्याज कोणाचं? हिशेब दर दोन-तीन दिवसांनी करा, मोबाइलवरून पैसे पाठवा. त्याहून चांगलं म्हणजे महिन्याच्या सुरुवातीला हजार-दीड हजार आगाऊ देऊन ठेवा. मग भावाबद्दल स्पष्ट बोला: रोखवाल्याला जो भाव, तोच कुपनवालीला. शक्य झालं तर आणखी एका हातगाडीवाल्याला यात घ्या. दोघं असले की भावही सरळ राहतो आणि एकाची सुट्टी असली तरी अडत नाही. लंडनमध्ये अलेक्झांड्रा रोझ चॅरिटी ही जुनी संस्था 2014 पासून अशी कुपनं देते. ती रस्त्यावरच्या बाजारातल्या साध्या भाजीवाल्यांकडे चालतात, त्यामुळे पैसा त्याच वस्तीत फिरतो. तुमची रचना तशीच आहे, म्हणून ती मॉलमध्ये किंवा ॲपवर नेण्याचा विचार कोणी मांडला तर ऐकू नका.

फ्लिंटचं तुमच्या मुलीनं सांगितलंच आहे, त्यात थोडी भर घालते. 2014 मध्ये त्या शहराचं पाणी बदललं आणि नळातून शिसं आलं. आहारात लोह, कॅल्शियम आणि क जीवनसत्त्व पुरेसं असेल तर शरीर शिसं कमी शोषतं, म्हणून तिथल्या मुलांच्या खाण्याचा प्रश्न एकदम तातडीचा झाला. मोना हॅना-अतिशा या ज्या बालरोगतज्ज्ञांनी मुलांच्या रक्तातलं शिसं उजेडात आणलं, त्यांच्याच रुग्णालयाचा मुलांचा दवाखाना 2015 मध्ये शेतकरी बाजाराच्या इमारतीत, बाजाराच्या वरच्या मजल्यावर आला होता. 2016 पासून तिथे चिठ्ठ्या सुरू झाल्या. आधी 10 डॉलरची, मग 15. चिठ्ठी घेऊन जिना उतरलं की समोर भाजी. यातल्या दोन गोष्टी तुम्ही जशाच्या तशा उचला. पहिली जवळीक: संध्याकाळी सहा-सातला बायका कामावरून परततात, तेव्हा मावशींची गाडी वस्तीच्या तोंडाशी उभी राहील असं बघा. दुसरी त्याहून महत्त्वाची: तिथे दवाखान्यात आलेल्या प्रत्येक मुलाला चिठ्ठी मिळाली. उत्पन्नाचा दाखला नाही, गरिबीची चौकशी नाही.

तुम्ही 45 मधून 20 "खरोखर गरजू" निवडलीत आणि तिथेच नाराजी पेरली गेली. एका वस्तीत कोणाची गरज खरी हे बाहेरून ठरवता येत नाही. ज्यांना मिळतं त्यांच्यावर गरिबीचा शिक्का बसतो आणि ज्यांना मिळत नाही त्यांना सेविकेवर राग येतो. बिचारीला वर्षभर सगळ्यांशी काम करायचंय. वयावर निवडा. तीन वर्षांखालची सगळी, एकही न वगळता. याला कारण आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत शिजवलेलं गरम जेवण मिळतं. त्याहून लहान मुलांसाठी आईच्या हातात घरी न्यायचा शिधा पडतो, म्हणजे त्यांचं सगळं खाणं घरच्या चुलीवर अवलंबून. चवीही याच वयात बसतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीत देशातल्या 6 ते 23 महिन्यांच्या बाळांपैकी पुरेसा आणि विविध आहार मिळणारी शंभरात जेमतेम 11 निघाली. महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी. हे खुजेपण बहुतेक पहिल्या दोन वर्षांतच येतं.

पैशांचंही जमतं. 17 मुलांना 300 प्रमाणे 5,100. हिरव्या कुपनांचे 510. तुमच्या 6,000 मधले 390 उरतात, ते साठवा, कशाला ते शेवटी सांगते. मात्र सध्याच्या 20 मुलांपैकी जी मोठी आहेत त्यांचं एका फटक्यात तोडू नका. त्यांचे सहा महिने पूर्ण होऊ द्या, आणि तोवर हिरवी कुपनं थांबली तरी चालेल. देऊन काढून घेतलेली गोष्ट वस्तीत फार दिवस लक्षात राहते.

वजनाबद्दल. 2023 मध्ये अमेरिकेतल्या अशा नऊ योजनांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. 22 ठिकाणं, मुलं आणि मोठी मिळून जवळपास 4,000 माणसं, कुपनं चार ते दहा महिने. मुलांच्या खाण्यात रोजची फळं-भाजी सरासरी पाव कपानं वाढली. घरातली अन्नाची चणचण कमी झाली. पण मुलांच्या वजन-उंचीच्या प्रमाणात ठळक फरक पडला नाही. तिथल्या मुलांचा प्रश्न बऱ्याचदा जास्त वजनाचा असतो आणि आपल्याकडे कमी वजनाचा, त्यामुळे ही तुलना फार ताणू नये. तरी शेकड्यानं लोक राबवत असलेल्या योजनेतून पाव कप वाढतो, तर तुम्ही दोन महिन्यांत काट्यावर काय शोधताय? भाजीत उष्मांक कमी. तिच्यातून लोह, जीवनसत्त्वं, तंतू मिळतात. अंगावर मूठभर मांस ती चढवणार नाही. कुपनाचं यश मोजायचंच असेल तर आयांना तीन महिन्यांनी एकच विचारा: आधी घरात न येणारी कोणती भाजी आता येते, आणि पोरगं ती कितपत खातं?

वजन वाढायला तेल, डाळ, शेंगदाणे, दूध, अंडी लागतात. अमेरिकेतलं भाजीचं कुपन दूध-अंडी-कडधान्यांच्या वरचा थर आहे, हे नक्कल करताना आपण विसरतो. इथे तो खालचा थर आहे की नाही ते आधी तपासायला हवं. तुमच्यातली बँकेत किंवा सरकारी नोकरीत काढलेली जी ताई अर्ज-फॉर्मांना घाबरत नसेल, तिनं घरोघरी रेशनकार्ड बघावं. बऱ्याच जणांचं कार्ड गावाकडे असतं आणि इथे धान्य घेता येतं हे ठाऊकच नसतं. 'एक देश एक रेशनकार्ड'मुळे पुण्यातल्या दुकानातही माणशी पाच किलो धान्य मिळू शकतं, आणि 2023 पासून ते फुकट आहे. पाच जणांच्या घरात 25 किलो धान्य म्हणजे तुमच्या कुपनाच्या दुपटीहून जास्त पैसे महिन्याला वाचले. हे काम झालं तर भाजीला आपोआप जागा होते. आणि अंडी. आया घेत असतील तर हिरव्या कुपनावर अंडंही चालू करा. नाव भाजीचं आहे म्हणून अडू नका.

एक गोष्ट मात्र कुपनावर सोडू नका. सेविकेकडे दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, म्हणजे पट्टी लाल आली, किंवा दोन्ही पायांवर सूज असली, तर ते मूल तीव्र कुपोषित आहे. त्याला डॉक्टर लागतो, गरज पडली तर पोषण पुनर्वसन केंद्रात भरती लागते. तिथे आईची मजुरी बुडते म्हणून ती नाही म्हणते. तेव्हा तुमच्या साठवलेल्या पैशांतून तिच्या बुडालेल्या दिवसांचं काही भरून देता आलं तर जरूर द्या.

करायच्या पद्धतीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण या वयाच्या मुलांसाठी थोडं सांगते, कारण पालकाची नुसती परतलेली भाजी दीड वर्षाच्या बाळाला द्यायची गोष्टच नव्हे. त्याचे धागे घशाशी चिकटतात, म्हणून ते थुंकतं. तुरीच्या वरणात मूठभर पालेभाजी बारीक चिरून शिजवा, घोटा, वरून लसणाची फोडणी आणि लिंबू पिळा. लिंबामुळे पालेभाजीतलं आणि डाळीतलं लोह अंगी लागतं. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा दिला तर ते कमी लागतं, आणि आपल्याकडे एवढाल्या पोरांना चहा-बिस्किट सर्रास मिळतं. लाल भोपळ्याचे घारगे, मेथीचं थालीपीठ, शेवग्याचा कोवळा पाला घातलेलं पिठलं, गाजर उकडून कुस्करून भातात. तेलाचा हात थोडा सैल असू द्यावा, भोपळा-गाजरातलं जीवनसत्त्व तेलाशिवाय नीट शोषलं जात नाही. हे सगळं आयांना व्याख्यान म्हणून देऊ नका. त्यांच्यापैकी एखादीचं पोर पालक खातं, अशी एक तरी असतेच. तिला अंगणवाडीच्या ओसरीवर सगळ्यांदेखत ते करून दाखवायला सांगा, आणि त्या दिवसाचं साहित्य व गॅस तुमच्याकडून. बाकीच्यांची पोरं तिथेच मांडीवर बसून चाखतील, आणि कोणी थुंकलं तरी कोणाच्या घरचं काही जाणार नाही.

आता ते साठवलेले पैसे. 2023 च्या जुलैमध्ये टोमॅटो किलोला दीडशेच्या पुढे गेला होता. भाव तितके चढले नाहीत तरी पावसाळ्यात पालेभाजी दरवर्षी महाग होते आणि 300 रुपयांचं कुपन निम्म्यावर येतं. नेमकं तेव्हाच बांधकामं थांबलेली असतात आणि घरात पैसा नसतो. अमेरिकेच्या 'विक'मध्ये 2009 साली मुलामागे महिन्याला सहा डॉलर मिळायचे. 2021 मध्ये ते 24 झाले आणि रक्कम महागाईशी जोडलेली असल्यानं 2024 मध्ये 26. तुम्हाला एवढी उडी घेता येणार नाही, पण जुलै-ऑगस्टमध्ये प्रत्येक आईला 50 रुपये वाढवून द्यायला 1,700 लागतात. आजपासून बाजूला टाकायला लागलात, आणि मोठ्या मुलांचे सहा महिने पुरे होईपर्यंत 12 जणींनी शंभर-शंभर जास्त काढले, तर ते जमण्यासारखं आहे. या महिन्याच्या बैठकीत हा ठराव आधी घ्या, बटाट्यांचा विषय नंतर.